युकुलेले घडवताना व्हायोलिनकडून काय घ्यावे, काय सोडावे

मागील अंकात व्हायोलिनच्या घोडीविषयी, म्हणजे ज्या लाकडी तुकड्यावर तारा टेकतात त्याविषयी, लिहिताना ओघात मी असे म्हणून गेलो होतो की, व्हायोलिन घडवण्याची पद्धत थोडीबहुत अवगत असलेल्या हौशी माणसाने एखादे युकुलेले, म्हणजे गिटारसारखे दिसणारे चार तारांचे लहान वाद्य, करून पाहण्यास हरकत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. शब्दांविषयी एक खुलासा आरंभीच करतो. वाद्याच्या वरच्या पाटीला मिरजेचे सतारमेकर ‘तबली’ म्हणतात. व्हायोलिन आणि युकुलेले यांच्यासाठीही मी तोच शब्द वापरणार आहे. खुंट्या, पडदे, घोडी आणि दांडी हे शब्दही तेथलेच आहेत.

प्रश्न : मी अभियंता म्हणून निवृत्त झालो असून गेल्या चार वर्षांत घरी दोन व्हायोलिने घडवली आहेत. आता नातीसाठी कॉन्सर्ट मापाचे युकुलेले करण्याचा विचार आहे. स्प्रूसच्या (व्हायोलिनच्या तबलीला वापरतात त्या लाकडाच्या) तबलीचा एक जोड माझ्याजवळ शिल्लक आहे. तबली व्हायोलिनप्रमाणे कोरून फुगीर करावी, आत खांब आणि बासबार (तबलीला आतून लांबीत चिकटवलेली पट्टी) बसवावा आणि एफ-आकाराची छिद्रे पाडावीत, असा बेत आहे. तो योग्य ठरेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खांब बसवू नये. बासबारही बसवू नये. फुगीर तबलीचा विचार करता येईल, परंतु त्यासाठी वाद्याची रचनाच बदलावी लागेल.

व्हायोलिनमध्ये तो लहानसा खांब कशासाठी असतो, हे पाहिले की नकाराचे कारण स्पष्ट होते. गज तारेला तबलीशी समांतर, म्हणजे आडवा ओढतो. त्यामुळे घोडी डावी-उजवीकडे डोलते. घोडीच्या तीव्र सुरांकडील पायाजवळ आत खांब उभा असल्यामुळे तो पाय जवळजवळ स्थिर राहतो, दुसरा पाय वरखाली होतो, त्या पायाखालचा बासबार ती हालचाल तबलीभर नेतो आणि पेटीतील हवा आतबाहेर ढकलली जाते. खांब काढून टाकला, तर घोडी जागच्या जागी डोलते आणि आवाज पोकळ व दुबळा होतो. इटालियन भाषेत या खांबाला ‘आत्मा’ म्हणतात, ते उगाच नव्हे. मात्र हा आत्मा गजाच्या वाद्याचा आहे. युकुलेलेची तार बोटाने छेडली जाते आणि घोडी तबलीवर सपाट चिकटवलेली असते. तेथे खांब उभा करणे म्हणजे जो भाग हलायला हवा त्यालाच टेकू देणे होय.

दुसरा भेद ऊर्जेचा आहे आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. गज चालू असेपर्यंत तारेला शक्ती मिळत राहते, म्हणून व्हायोलिनची तबली मध्यभागी तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असली तरी चालते. युकुलेलेच्या तारेला बोटाचा एकच धक्का मिळतो. त्या धक्क्यातून जे मिळाले, तेवढ्यावरच पुढचा सारा आवाज निघायचा असतो. तबली जड असेल, तर ती हलेपर्यंत तारेचा जीव संपलेला असतो.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. माझे पहिले युकुलेले मी अगदी तुमच्या बेताप्रमाणेच केले होते. कोरीव तबली, आत खांब, व्हायोलिनच्या मापाची जाडी आणि वर सुरेख कोरलेला नागमोडी माथा. दिसायला ते देखणे होते. वाजवले, तेव्हा लाकडी पाटावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. पंधरा दिवसांनी सरस सोडवून खांब काढला आणि तबली आतून घासून पातळ केली, तेव्हा ते थोडेफार बोलू लागले. मार्टिन या अमेरिकेतील नामांकित गिटारनिर्मात्यांनाही हाच धडा घ्यावा लागला होता. त्यांनी १९०७ साली केलेली पहिली युकुलेले स्प्रूसच्या तबलीची होती आणि त्यांच्या आत गिटारसारख्या भक्कम पट्ट्या होत्या. आवाज दबका आल्यामुळे तो प्रयत्न त्यांनी सोडून दिला. पुढे १९१६ च्या सुमारास महोगनीची, हलक्या बांधणीची युकुलेले त्यांनी केली आणि ती अमाप खपली.

आता फुगीर तबलीविषयी. कोरलेली तबली छेडण्याच्या वाद्यांवर बसवण्याची कल्पना नवी नाही. ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९८ साली कोरीव बांधणीच्या मँडोलिनचे पेटंट घेतले, आणि लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात व्हायोलिनसारखी एफ-छिद्रे असलेली मँडोलिने आणि गिटारे तयार झाली. मात्र या वाद्यांत तारा घोडीला बांधलेल्या नसतात. त्या घोडीवरून पुढे जाऊन शेपटीकडील पट्टीत, म्हणजे सतारीच्या लंगोटासारख्या भागात अडकवलेल्या असतात. त्यामुळे घोडी तबलीला खाली दाबते. साध्या युकुलेलेमध्ये तारा घोडीतच संपतात, आणि घोडी तबलीला खाली न दाबता पुढे ओढते व पिळते. कमान खालच्या दाबाला चांगली तोंड देते. पीळ सोसण्यासाठी ती केलेली नसते.

तेव्हा फुगीर तबली करायचीच असेल, तर घोडी न चिकटवता ठेवावी आणि तारा शेवटच्या ठोकळ्याला अडकवाव्यात. येथे दाबाचा हिशोब अवश्य करावा, तुम्ही अभियंता असल्यामुळे तो तुम्हाला आवडेलही. व्हायोलिनच्या चार तारांचा एकूण ताण साधारण २२ ते २४ किलो असतो आणि घोडीवर त्या सुमारे २२ अंशांनी वळतात. त्यामुळे तबलीवर आठ-नऊ किलोंचा दाब येतो. कॉन्सर्ट युकुलेलेच्या नायलॉनच्या तारांचा एकूण ताण १५ ते १८ किलोंच्या घरात असतो. घोडीवरचे वळण बारा अंश ठेवले, तर दाब जेमतेम साडेतीन किलो भरतो. साडेतीन किलोंसाठी व्हायोलिनची जाडी ठेवण्याचे कारण नाही. कमानीची उंची पंधराऐवजी आठ-नऊ मिलिमीटर, मध्यभागी जाडी अडीच मिलिमीटरच्या जवळपास आणि कडेकडे दोनच्या खाली, एवढ्यापासून आरंभ करावा.

तरीही माझा सल्ला असा, की पहिले युकुलेले सपाट तबलीचेच करावे. स्प्रूसचा जोड सरसाने घासून सांधावा, तबली १.८ ते २ मिलिमीटरपर्यंत उतरवावी, आत दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात आणि नातीच्या हाती द्यावे. कोरीव तबलीचे दुसरे वाद्य तुम्ही त्यानंतर करालच, हे तुमच्या पत्रावरून दिसतेच आहे.

प्रश्न : युकुलेले करायचे, पण तबलीत व्हायोलिनचे काही घ्यायचे नाही, मग व्हायोलिनची पद्धत उरते कोठे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : ती पेटीच्या बांधणीत उरते आणि तेथे ती फार उपयोगी पडते.

गिटारमेकर बहुधा बाहेरचा साचा वापरतात, किंवा स्पॅनिश रीतीने तबलीवरच पेटी उभी करतात. इटलीतील क्रेमोना या गावच्या जुन्या व्हायोलिन कारागिरांची रीत आतल्या साच्याची होती. त्यांतले सर्वांत नामांकित स्ट्रादिवारी यांनी वापरलेले लाकडी साचे आजही क्रेमोनाच्या व्हायोलिन संग्रहालयात पाहायला मिळतात. आतला साचा म्हणजे वाद्याच्या पोटाच्या आकाराची एक फळी. तिच्या खाचांत ठोकळे तात्पुरते चिकटवायचे, त्या ठोकळ्यांना आकार द्यायचा आणि बाजूच्या पट्ट्या गरम नळीवर वाकवून साच्याभोवती बसवायच्या. या रीतीचा मोठा लाभ असा की, बाह्यरेषा आधी ठरते आणि तबली व पाठ नंतर त्या रेषेवरून आखली जाते. पट्टी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तरी पाटी तिच्याशी जुळवून कापता येते. कमी हत्यारे आणि एकटे काम, अशा परिस्थितीत यापेक्षा क्षमाशील रीत मला ठाऊक नाही.

व्हायोलिनला सहा ठोकळे लागतात, कारण त्याला चार कोपरे असतात. युकुलेलेला कोपरे नसल्याने दोनच ठोकळे पुरतात, एक दांडीकडे आणि एक खाली. ही सोय वाटते खरी, परंतु तिची किंमत कमरेपाशी मोजावी लागते. व्हायोलिनची कमर स्वतंत्र लहान पट्टीची असते; युकुलेलेत एकच लांब पट्टी वरच्या फुगवट्यापासून कमरेतून खालच्या फुगवट्यापर्यंत नेमकी बसावी लागते. म्हणून वाकवण्यास कमरेपासून आरंभ करावा आणि दोन्ही टोके वाढीव ठेवावीत.

दुसरी अडचण साचा काढताना येते. व्हायोलिनच्या पट्ट्या सुमारे एक मिलिमीटर जाड आणि तीस-बत्तीस मिलिमीटर उंच असतात. साचा त्यांच्या मध्यावर बसतो आणि काम झाल्यावर पट्ट्या किंचित ताणून तो सोडवता येतो. कॉन्सर्ट युकुलेलेच्या पट्ट्या दीड मिलिमीटर जाड आणि साठ-पासष्ट मिलिमीटर उंच. त्या तशा ताणल्या, तर तडकतील. त्यासाठी बारा मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर मध्ये ठोकळे देऊन एकत्र करावेत आणि सारा साचा उभा तीन तुकड्यांत कापून स्क्रूने जोडावा. सोडवताना मधला तुकडा आधी निघतो, मग बाजूचे दोन आपोआप सैल होतात. साच्याच्या कडांना मेण किंवा कोरडा साबण चोळण्यास विसरू नये. मी एकदा विसरलो होतो आणि साच्यासकट वाद्य करण्याची वेळ आली होती.

वाकवण्यासाठी विकतची विजेची नळी उत्तम, पण जाड भिंतीचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा पाइप शिकंज्यात पकडून आतून हीटगनने तापवला, तरी काम होते. नळाचा जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र वापरू नये. तापल्यावर त्यातून निघणारी वाफ अपायकारक असते. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचत उडून गेला, म्हणजे नळी तयार आहे. पट्टी किंचित ओलवावी, मागे पातळ पत्र्याची पट्टी धरावी आणि लाकूड मऊ पडल्याचे हाताला जाणवेपर्यंत जोर करू नये. ते जाणवते, आणि एकदा जाणवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

पट्ट्यांना आतून काठपट्ट्या देण्याचीही व्हायोलिनची रीतच घ्यावी. गिटारमध्ये जागोजागी चिरा दिलेली पट्टी चिकटवतात. व्हायोलिनमध्ये विलोची सुमारे दोन मिलिमीटर जाडीची अखंड पट्टी वाकवून बसवतात. अखंड पट्टीने पेटीची कड ताठ राहते आणि पेटी ताठ असली, म्हणजे तबली मोकळी ठेवता येते.

प्रश्न : युकुलेलेसाठी कोआ लाकूड लागते असे वाचले. ते येथे मिळत नाही. सागाचे चालेल का? शिवाय, सतारीच्या कारखान्यातील लाकूड वापरता येईल का? (एक वाचक, मिरजेजवळून)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर आहे.

कोआ हे हवाई बेटांवरचे अकेशियाचे झाड. तेथे युकुलेले त्याचे झाले, कारण ते तेथे होते. त्यात अन्य गूढ नाही. मार्टिनने गाजवलेले लाकूड महोगनीचे होते. आणि मिरजेचे कारागीर सतार व तंबोऱ्याच्या दांडी-तबलीसाठी जे तून वापरतात, ते झाड महोगनीच्याच कुळातले आहे. हलके, सरळ तंतूंचे, रंधा सहज घेणारे आणि चांगले वाकणारे. तबली, पाठ, बाजू आणि दांडी ही चारही अंगे एकाच जुन्या तुनाच्या फळीतून निघालेले युकुलेले मी केले आहे आणि माझ्या हातून झालेल्या वाद्यांत ते वरच्या क्रमांकाचे आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गल्लीत ज्या तुकड्यांना सतारीची लांबी नाही म्हणून कोपऱ्यात टाकतात, त्यांत एक युकुलेले दडलेले असते. विचारून पाहावे, संकोच करू नये.

फळी निवडताना तिचे टोक पाहावे. वाढीची वलये फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असतील, ती फळी घ्यावी. वलये आडवी पसरलेली असतील, तर लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि दोन मिलिमीटरच्या पाटीला ते सोसवत नाही. सतारीच्या तबलीला पुरेशी जाडी असल्याने तेथे जे खपते, ते येथे खपत नाही.

साग चालतो, परंतु तो तेलकट असतो. सांधण्यापूर्वी लगेच रंधा मारून ताजा पृष्ठभाग काढावा, नाहीतर सरस नीट धरत नाही. वजनही थोडे अधिक भरते. कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही कोआची जवळची नातलग आहे. लाकूड वजनदार असल्यामुळे तबलीला मी ती सुचवणार नाही. पाठ आणि बाजूंसाठी मात्र पाहण्याजोगी आहे. पडद्यांच्या पट्टीला शिसव घ्यावे.

प्रश्न : सरस शिजवण्याचा खटाटोप हल्ली कोण करतो? सुतारकामाचा पांढरा गोंद का चालू नये? शिवाय आमच्या घरी प्राणिज पदार्थ वापरत नाहीत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचा आदर ठेवून पहिल्याचे उत्तर देतो.

सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो, हे खरे. व्हायोलिनमेकर आजही तोच वापरतात, त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की तो पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. व्हायोलिनची तबली तिच्या आयुष्यात अनेकदा उघडली जाते. म्हणून ती मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात, की पुढच्या कारागिराने बोथट सुरी घालून ती न फोडता सोडवावी. ठोकळे आणि दांडी यांना मात्र दाट सरस. दुसरे कारण युकुलेलेला अधिक लागू आहे. पांढरा गोंद वाळल्यावरही किंचित रबरी राहतो आणि सतत ओढ असेल, तर वर्षानुवर्षे अगदी हळू सरकतो. टेबलाच्या सांध्याला त्याने फरक पडत नाही. ज्या घोडीला पंधरा-सोळा किलोंची ओढ अहोरात्र लागलेली आहे, तिला पडतो, विशेषतः वाद्य उन्हात उभ्या गाडीत राहिले तर. सरस वाळून काचेसारखा कडक होतो व सरकत नाही.

खटाटोपही वाटतो तेवढा नसतो. दाणेदार सरस रात्रभर दुप्पट थंड पाण्यात भिजवावा, सकाळी भांड्यात भांडे ठेवून साठ अंशांपर्यंत गरम करावा. उकळू देऊ नये, उकळल्याने त्याचे बळ जाते. बोटांच्या चिमटीत थेंब घेऊन बोटे दूर करताच बारीक तंतू सुटले, म्हणजे तो लावण्याजोगा झाला. सांधायचे तुकडे आधी कोमट करावेत, कारण सरस गोठण्यापूर्वी हाती मिनिटभरच असते. तबलीचे दोन अर्धे सांधताना क्लॅम्पही लागत नाही. एक अर्धा शिकंज्यात उभा धरून दुसरा त्यावर सरसासकट मागेपुढे घासावा. तीन-चार घासांनंतर तो जागीच अडतो, तेथे हात सोडावा.

आता तुमच्या घरच्या नियमाविषयी. सुतारकामातील पिवळा गोंद पांढऱ्यापेक्षा कडक वाळतो आणि घासताही येतो. अनेक गिटारमेकर तोच वापरतात. घोडीचा तळ तबलीशी अचूक जुळवून तो वापरल्यास वाद्य उत्तम टिकेल. फक्त पुढे कधी उघडण्याची वेळ आली, तर दुरुस्त करणाऱ्याला कष्ट पडतील, एवढेच. लाखेचे पॉलिशही कीटकजन्य असते, हे जाता जाता सांगतो, म्हणजे नंतर तुम्ही मला दोष देणार नाही.

प्रश्न : व्हायोलिनसारखी कड बाहेर काढलेली आणि काळी-पांढरी-काळी पट्टी जडवलेली मला फार आवडते. पातळ तबलीवर ते जमेल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : जमेल, पण आधी आकडे मांडून पाहावे. जडावाच्या खाचेची खोली सव्वा मिलिमीटर धरली, तर दोन मिलिमीटरच्या तबलीत खाली पाऊणच उरतो. तो भाग अधांतरी असेल, तर तडा ठरलेला. परंतु कड दीड मिलिमीटर बाहेर ठेवली, तर तिच्या आत दीड मिलिमीटर बाजूची पट्टी आणि दोन मिलिमीटर काठपट्टी आहे. म्हणजे कडेपासून दीड ते पाच मिलिमीटरपर्यंत तबलीला खालून आधार आहे. जडाव तीन ते सव्वाचार मिलिमीटरच्या दरम्यान ठेवला, की तो पूर्णपणे आधारावर येतो. तेव्हा खाच पेटी बंद केल्यानंतरच कापावी. व्हायोलिनच्या जडावाचा खरा उपयोग कडेला आलेली चीर आत शिरू न देणे हा असतो. मुलांच्या हाती जाणाऱ्या वाद्याला तोही हवाच आहे.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात भिंतीही घाम सोडतात. वाद्य केव्हा करायला घ्यावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दिवाळीनंतर. लाकडाची फळी पावसाळ्यातील ओल घेऊन फुगलेली असताना तबलीला आडव्या पट्ट्या चिकटवल्या, तर मार्च-एप्रिलमध्ये तबली आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत आणि मध्यावर चीर पडते. उलट, कोरड्या हवेत बांधलेले वाद्य पावसाळ्यात फुगून थोडे वर येते, एवढ्यावर निभावते. तारा पडद्यांपासून जरा उंच होतात, आणि पाऊस सरला की पूर्ववत होतात. म्हणून फळ्या पावसाळा संपताच घरात आडोशाला रचाव्यात, मध्ये काड्या घालून हवा खेळती ठेवावी, आणि पाट्यांचे सांधे व पट्ट्या यांचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावे. बाजू वाकवणे, माथा कोरणे, खुंट्या घडवणे ही कामे पावसातही करता येतात. घरात एक साधा आर्द्रतामापक असावा. तो पन्नास टक्क्यांच्या आत असेल त्या दिवशी पट्ट्या चिकटवाव्यात. कोकणात असे दिवस मोजकेच मिळतात. ते न मिळाल्यास फळी आणि पट्ट्या विजेचा दिवा लावलेल्या बंद कपाटात दोन दिवस ठेवून लगेच काम करावे.

प्रश्न : युकुलेले पोर्तुगीजांनी नेले असे म्हणतात. मग त्याचे मूळ गोव्यात सापडते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही, मूळ पोर्तुगालच्या मदेइरा बेटाचे. ऑगस्ट १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज मदेइराहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन हवाईतील होनोलुलूला पोहोचले. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जुझे दो एस्पिरितु सांतो हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मदेइराच्या ‘माशेते’ या चार तारांच्या लहान वाद्यावरून त्यांनी नवे वाद्य घडवले आणि हवाईचा राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात स्थान दिले. नावाचा रूढ अर्थ ‘उडी मारणारी पिसू’. या तिघांचा मूळ धंदा फर्निचरचा होता, असे सांगतात. वाद्य इतके साधे आणि हलके का राहिले, याचे उत्तर कदाचित त्यातच असेल.

प्रश्न : लोखंडी किल्ल्यांऐवजी व्हायोलिनसारख्या लाकडी खुंट्या बसवाव्यात का? आणि नागमोडी माथा? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : माथा हौसेने कोरावा, आवाजाला त्याचे देणेघेणे नाही, फक्त तो जड होऊन वाद्य डावीकडे कलणार नाही, एवढे पाहावे. आरंभीच्या युकुलेलेंना लाकडी खुंट्याच असत. व्हायोलिनच्या खुंटीचा निमुळतेपणा तीस मिलिमीटरला एक मिलिमीटर असतो; त्याच मापाचा रीमर (भोक निमुळते करण्याचे हत्यार) आणि खुंटी सोलण्याचे हत्यार मिळते. घरात सतार असेल, तर खुंटीला खडू चोळण्याची युक्ती ठाऊक असेलच. व्हायोलिनवाले खडूबरोबर थोडा साबणही लावतात. खडूने पकड येते, साबणाने सरकणे येते. नायलॉनची तार पहिला आठवडाभर ताणत राहते आणि लाकडी खुंटीने दर पाच मिनिटांनी सूर लावण्याचा कंटाळा येतो. ज्याला तो सोसत नाही, त्याने आत दातेरी चक्रे असलेल्या, पण बाहेरून लाकडी दिसणाऱ्या खुंट्या घ्याव्यात. त्या महाग असतात.

प्रश्न : पडद्यांच्या जागा कशा काढाव्यात? व्हायोलिनला पडदे नसल्याने याविषयी आपल्या लेखात काहीच नव्हते. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अटीपासून (माथ्याकडील ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यापासून) घोडीपर्यंतच्या लांबीला १७.८१७ ने भागावे, तेथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागावे, तेथे दुसरा, असे पुढे. कॉन्सर्ट मापाची ३८० मिलिमीटर लांबी धरल्यास पहिला पडदा अटीपासून २१.३३ मिलिमीटरवर, दुसरा ४१.४६ वर आणि बारावा बरोबर १९० वर येतो. बाराव्याने हिशोबाचा ताळा होतो. तो १९० वर आला नाही, तर मध्ये कोठेतरी चूक आहे. प्रत्येक जागा अटीपासूनच मोजून खुणवावी. आधीच्या पडद्यापासून मोजत गेल्यास लहान चुका साठत जातात. घोडीवरील हाड मात्र ३८० वर न ठेवता दीड ते दोन मिलिमीटर मागे ठेवावे, कारण पडद्यावर दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. घोडी चिकटवण्याआधी दोन्ही बाजूंच्या तारांसाठी ही जागा पट्टीने दोनदा मोजावी. पूर्वी सरसाने बसवलेली घोडी हलवण्यास अर्धा दिवस लागतो, आणि तबलीवर डाग राहतो तो वेगळाच.